चिंतामणी रंगाचा प्रमाणित नमुना

माणसानं घर बांधावं, पण त्याला रंग कोणता द्यायचा हे बायकोला विचारू नये. नेवरेकर मास्तरांनी विचारलं. तेही सहज, चहाचा कप खाली ठेवता ठेवता, म्हणजे उत्तराची त्यांना फारशी गरज नव्हती. ते स्वतः सिल्वासाच्या शाळेत चित्रकला शिकवत. रंग हे त्यांचं खातं. बायकोनं "तुम्हाला आवडेल तो" म्हणावं आणि आपण फिकट बदामी द्यावा, असं त्यांनी मनाशी ठरवूनच ठेवलं होतं.

"चिंतामणी," वासंतीबाई म्हणाल्या. तांदूळ निवडणारा हातसुद्धा थांबला नाही. उत्तर लग्नापासून तयार असावं.

चिंतामणी म्हणजे कुठला, हे कोकणातल्या बाईला सांगावं लागत नाही, आणि इतर कुणाला सांगून कळत नाही. तो निळाच, पण नुसता निळा म्हटलात तर अपमान. मोरपिशी नव्हे, अस्मानी नव्हे, जांभळ्याकडे जरासा झुकलेला, पण जांभळ्याच्या घरी न गेलेला. वासंतीबाईंच्या आईची एक साडी होती त्या रंगाची. आई गेल्यावर थोरल्या बहिणीनं पाटल्या मागितल्या, यांनी साडी. नेवरेकरांचा आजवरचा संसार सरकारी क्वार्टरमध्ये झाला, आणि त्या भिंतींना दर काही वर्षांनी एकच पिवळा चुना लागत असे. त्या पिवळ्याकडे बघत वासंतीबाईंनी इतकी वर्षं काढली ती या एका चिंतामणीच्या भरवशावर. त्यामुळे सामरवरणीच्या सोसायटीत घर उभं राहिलं तेव्हा फरशी, खिडक्या, मोरीची जागा, सगळं त्यांनी मास्तरांवर सोडलं. भिंत मात्र त्यांची होती. वास्तुशांत तोंडावर आली होती.

मास्तर बाजारात रमणीकभाईंच्या रंगाच्या दुकानात गेले. म्हणाले, "चिंतामणी हवाय."

रमणीकभाईंनी चष्मा कपाळावर नेला. "कोण चिंतामणीभाई? सामरवरणीमां रहे छे?"

मास्तरांनी समजावलं. रमणीकभाईंना एवढंच कळलं की चिंतामणीभाई नावाचा कुणी गृहस्थ आहे आणि त्याच्या घराला रंग काढायचाय. त्यांनी प्रेमानं सांगितलं की आधी त्यांनाच घेऊन या, चहा पिऊ, मग बोलू.

"साडी घेऊन जा," वासंतीबाई घरी म्हणाल्या. "दुकानाबाहेर उजेडात धरा आणि म्हणावं, असा. ब्लाउजपीस मॅच करायला आम्ही काय करतो? आत ट्यूबलाइटखाली बघितलं की फसलंच समजा."

सल्ला सोन्यासारखा होता, पण मास्तरांना प्रतिष्ठा होती. बाजारात पावलापावलावर पालक भेटतात. ज्या माणसानं मुलांना रंगचक्र शिकवलं, त्यानं बायकोची साडी काखोटीला मारून भर बाजारात उन्हात उभं राहायचं? शिवाय ते म्हणाले, रेशीम चमकतं, इकडून एक दिसतं आणि तिकडून एक. कापडावरून भिंतीचा रंग काढणं शास्त्रीय नाही. 'शास्त्रीय नाही' हा मास्तरांचा आवडता शब्दप्रयोग, आणि घरातली बरीच कामं त्यानं आजवर टळली होती.

मध्ये सोसायटी आली. सेक्रेटरी भास्करराव प्रशासनातून निवृत्त झाले होते, पण प्रशासन त्यांच्यातून निवृत्त झालं नव्हतं. बाहेरच्या भिंतीला क्रीम सोडून दुसरा रंग द्यायचा तर परवानगी हवी, असा नियम त्यांनीच केलेला.

"रंगाचं नाव?"

"चिंतामणी."

"व्यक्तीचं नाव नको, रंगाचं सांगा." मास्तरांनी पुन्हा तेच सांगितलं. भास्कररावांनी पेनाचं टोपण लावलं. "असा रंग रेकॉर्डला नाही. नमुना जोडा. आणि नमुना प्रमाणित हवा."

"रंगाचा नमुना प्रमाणित कोण करणार? राजपत्रित अधिकारी?"

"ते तुम्ही बघा," भास्करराव म्हणाले. "उद्या प्रत्येकजण चिंधी आणून दाखवेल. सोसायटी आहे, कापडबाजार नाही."

आता बघा, गाडी इथे अडली होती आणि इथेच थांबायला हवी होती. मास्तरांनी निमूट क्रीम लावला असता, वासंतीबाई आठवडाभर अबोला धरून मग निवळल्या असत्या. पण त्याच शनिवारी मेहुणा आला. चेतन मुंबईत जाहिराती छापणाऱ्या कंपनीत होता, वापीच्या कुठल्याशा कारखान्याच्या कामासाठी आलेला. त्याच्या काळ्या बॅगेत कंपनीचा लॅपटॉप होता. अठ्ठ्याण्णव साली सिल्वासात लॅपटॉप म्हणजे लोकांनी चपला बाहेर काढून बघायची वस्तू. आणि त्याच बॅगेच्या खणात वायर लावलेली एक काळी डबी होती, बुडाला रबराची वाटी असलेली.

"हे काय?" मास्तरांनी विचारलं.

"कॅलिब्रेटर, भावोजी. पडदा खरं बोलतो की खोटं, ते हा सांगतो."

मास्तरांचा चहा निवला. चेतननं सांगितलं ते असं, की प्रत्येक पडद्याचा निळा वेगळा. एकाच चित्राचं आभाळ माझ्या पडद्यावर सकाळचं, तुझ्या पडद्यावर संध्याकाळचं. ही डबी पडद्यावर टेकवायची, पडदा एकेक रंग दाखवतो, डबी तो मोजते, आणि किती चुकला ते आकड्यात सांगते. मग तेवढी चूक कॉम्प्युटर दुरुस्त करतो. त्याला म्हणायचं पडदा प्रमाणित झाला.

"काय झाला?"

"प्रमाणित."

मास्तर उठून येरझारा घालू लागले. डोळ्यांसमोर भास्कररावांचं टोपण लावलेलं पेन होतं. पण खरं सांगायचं तर परवानगी हे निमित्त झालं. आयुष्यभर मुलांच्या चित्रांना अ, ब, क श्रेणी देणाऱ्या माणसाला पहिल्यांदाच कळलं होतं की निळ्यालाही गुण देता येतात. त्यांना रात्रभर झोप आली नाही ती कुतूहलानं.

सकाळी शेजारचा गोकुळ पेपर मागायला आला. हा धुळ्याकडचा, बोलताना 'आहे'चं 'शे' आणि 'ळ'चा 'य' करणारा, खडोलीच्या धाग्याच्या कारखान्यात कामाला. मनानं चांगला, पण बातमी त्याच्या पोटात ठरत नसे. "काय चाललंय सर?" त्यानं विचारलं. "लॅपटॉपचं कॅलिब्रेशन," मास्तर म्हणाले. गोकुळनं आळीत सांगितलं, सरांकडे लॅपटॉपचं सेलिब्रेशन शे, संध्याकाळी.

संध्याकाळी माणसं आली. रिकाम्या हातानं कशी येणार? कुणी नारळ आणला, कुणी पेढे. भास्कररावसुद्धा इस्त्रीचा शर्ट घालून आले. वासंतीबाईंनी पोह्यांचं पातेलं चढवलं. चेतननं टेबलावर लॅपटॉप उघडला, त्यात निळा चौकोन काढला, आणि साडी शेजारी धरून जुळवू लागला. आता गंमत अशी, की तो पडदा समोरून बघितला तर एक, उभ्यानं बघितला तर पांढुरका जांभळट, खाली बसून बघितला तर काळपट. खुर्चीवरचे भास्करराव म्हणाले आकाशी आहे. दाराशी उभा गोकुळ म्हणाला, "नाही हो, जांभया शे." सतरंजीवर बसलेल्या बायकांना तो काळा दिसत होता, आणि सणासुदीचं घराला काळं कशाला, असं एकीनं वासंतीबाईंना हळूच विचारलंही. भास्कररावांनी गोकुळला डोळे तपासायला सांगितलं. गोकुळ म्हणाला, "मी कारखान्यात धाग्याच्या रंगाची शेड बघतो, मना डोयाचं नाव काढू नका." पेढे संपेपर्यंत प्रकरण हमरीतुमरीवर आलं.

मास्तर मात्र खूश होते. त्यांनी भास्कररावांना उठवून दारात उभं केलं, गोकुळला खुर्चीत बसवलं. दोघांचे रंग बदलले, मत बदललं, भांडण तेवढंच राहिलं. "म्हणजे दोघंही खरं बोलताय," मास्तर म्हणाले. "जो जिथे बसतो, त्याचा निळा तिथला." हे वाक्य त्यांना इतकं आवडलं की पुढे ते शाळेत बऱ्याच वेळा वापरलं गेलं.

दुसऱ्या दिवशी चेतन वापीला निघाला. लॅपटॉप ठेवून गेला, पण बजावून. "भावोजी, ती रबराची वाटी जाड काचेच्या मॉनिटरसाठी आहे. हा पडदा नाजूक. लॅपटॉप पाठीवर उताणा करायचा आणि डबी नुसती वर ठेवायची. दाबायची नाही."

मास्तरांनी मान डोलावली. मान डोलावणं आणि ऐकणं या दोन निराळ्या क्रिया आहेत हे शिक्षकाइतकं कुणाला ठाऊक असणार? उताणा लॅपटॉप त्यांना शास्त्रीय वाटेना. चित्र कधी झोपवून बघतात का? त्यांनी पडदा ताठ उभा केला, डबी टेकवली, ती घसरली. पुन्हा टेकवली, पुन्हा घसरली. मग त्यांनी अंगठ्यानं जरासं दाबलं. डबी अशी बसली की बस्स. पडद्यावर तिच्याभोवती हिरवी-गुलाबी वर्तुळं उमटली, तळ्यात दगड टाकल्यासारखी. मास्तरांच्या कपाळावर घाम आला. ओढावं तर पडदा सोबत येतोय, सोडावं तर वर्तुळं वाढतायत.

गोकुळ आलाच. त्यानं कोमट पाणी सुचवलं. त्याच्यामागून कुणी खोबरेल सुचवलं. "मशीनला तेल चालतं सर," गोकुळ म्हणाला, "आमचं सगळं मशीन तेलावरच शे." कंपनीची वस्तू, मेहुण्याची नोकरी, आणि सासरी तोंड कुठं दाखवायचं, हे सगळं मास्तरांना एकदम दिसू लागलं. वासंतीबाई पदराला हात पुसत आल्या, एक जुनं पोस्टकार्ड घेतलं, त्याचा कोपरा वाटीच्या कडेखाली अलगद सरकवला. फुस्स झालं आणि डबी त्यांच्या हातात आली.

"स्वयंपाकघरातला फडकं अडकवायचा रबरी वाटीचा हूक असाच निघतो," त्या म्हणाल्या आणि पोळी करपेल म्हणून आत गेल्या.

पडद्यावर एक पांढुरका डाग राहिला होता. तो विरेपर्यंत मास्तर त्याच्यासमोर बसून राहिले, जेवले नाहीत. डाग विरला तेव्हा त्यांनी देवाला नमस्कार केला, लॅपटॉप मुकाट्यानं उताणा केला आणि डबी नुसती वर ठेवली. पडद्यानं लाल दाखवला, हिरवा दाखवला, निळा दाखवला, आणि राखाडीच्या इतक्या छटा दाखवल्या की मास्तर थक्क झाले. शेवटी निकाल लागला. पडद्याचा पांढरा पांढरा नव्हताच, निळसर होता. लाल अशक्त. काळा नुसता नावाला, खरा गडद राखाडी. मास्तरांनी त्याला सवयीनं 'ब' श्रेणी दिली. दुरुस्ती झाल्यावर त्यांनी नेमकं समोर बसून, साडी खिडकीच्या उजेडात धरून, तो चौकोन जुळवला. जुळला. मास्तरांनी बायकोला हाक मारली, स्वतःच्या खुर्चीत बसवलं, मान सरळ धरायला लावली.

वासंतीबाईंनी साडीचा काठ पडद्याशी नेऊन बघितला. "आई नेसायची तेव्हा असाच दिसायचा," त्या म्हणाल्या. मास्तरांना वाटलं, झालं, आपण जिंकलो.

भास्कररावांनाही हरकत घेता आली नाही. लाल इतका, हिरवा इतका, निळा इतका, असे तीन आकडे मास्तरांनी लिहून दिले, खाली 'यंत्राने प्रमाणित' अशी ओळ. भास्कररावांनी नमुना मागितलाच नाही. "आकडे आहेत ना, मग प्रश्न मिटला," म्हणाले. आकड्यांवर त्यांची श्रद्धा होती.

मग मास्तर लॅपटॉप घेऊन रिक्षानं रमणीकभाईंकडे गेले. साडीची लाज वाटणाऱ्या माणसाला लॅपटॉप मिरवायला काही वाटत नव्हतं. दुकान अंधारं, म्हणून रमणीकभाई म्हणाले बाहेर उजेडात बघू. उन्हात आणला तर पडदा कोरा. त्यात फक्त रमणीकभाईंचा चेहरा दिसत होता. पुन्हा आत. मास्तरांनी त्यांना समोर बसवलं, मान धरून सरळ केली. रमणीकभाईंनी चष्मा पुसला आणि त्यांचा चेहरा उजळला.

"अरे मास्तर, आ तो भूरो! घेरो भूरो. आटलुंज कहेवुं हतुं ने."

मास्तर गुजरातेच्या सीमेवर म्हातारे होत आले होते. गुजरातीत भूरो म्हणजे निळा आणि घेरो म्हणजे गडद, हे त्यांना पक्कं ठाऊक. "हां, घेरो भूरो," त्यांनीही मान डोलावली. तेवढ्यात बॅटरी संपली आणि चिंतामणी विझला. पण काम झालं होतं. पांढऱ्या रंगाचे डबे मास्तरांनी घेऊन दुकानातच ठेवले, त्यात घालायचा रंग पेंटर आपल्याजवळच्या नळ्यांतून कालवणार होता. पेंटरचं नाव पप्पू, मूळचा उत्तर प्रदेशातला, राहायला जवळच्या रांधा गावात. तो डबे न्यायला आला तेव्हा मास्तर शाळेत चित्रकलेच्या ग्रेड परीक्षेच्या तयारीला गेलेले. रमणीकभाईंनी त्याला आपल्या हिंदीत नीट सांगितलं, "मास्तर का घर भूरा करना. एकदम डार्क."

परीक्षा आटोपून मास्तर वासंतीबाईंना घेऊन सामरवरणीला गेले, घर दाखवायला. त्यांनी वळणावरच बायकोला डोळे मिटायला सांगितले होते. असली हौस त्यांनी लग्नानंतर पहिल्यांदाच केली. फाटकाशी आल्यावर त्यांनी स्वतः वर बघितलं, आणि बायकोला डोळे उघड म्हणायचं राहूनच गेलं.

घर तपकिरी होतं. पायापासून कठड्यापर्यंत, एकसारखं, कुठे ओघळ नाही, डाग नाही. पप्पूनं जीव ओतून काम केलं होतं.

"ये क्या किया?" मास्तर म्हणाले.

"सेठ ने बोला भूरा, हमने भूरा किया," पप्पू शिडीवरून म्हणाला. त्यानं भिंतीकडे बघितलं, मग मास्तरांकडे. "भूरा ही तो है, मास्टरजी."

हिंदीत भूरा म्हणजे तपकिरी. मास्तरांना तिन्ही भाषा येत होत्या, हे सगळ्यात वाईट. यंत्रानं केसाएवढी चूक सोडली नाही, आणि एका शब्दानं अख्खं घर बुडवलं.

वासंतीबाईंनी डोळे उघडले. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या पायरीवर बसल्या. "बरं दिसतंय," म्हणाल्या. "शेणानं सारवल्यासारखं. मळणार नाही." मग त्यांनी पदरानं नाक पुसलं. मास्तरांना इतकं वाईट वाटलं की त्यांना पहिल्यांदाच सांगायला शास्त्रीय असं काही सुचलं नाही. भास्करराव फाटकातून डोकावले. "नेवरेकर, आकडे बरोबर आहेत," ते म्हणाले. "भिंत चुकलीय."

दुसऱ्या दिवशी सकाळी, बाजार भरात असताना, सिल्वासानं एक दृश्य पाहिलं. नेवरेकर मास्तर खांद्यावर चिंतामणी साडी टाकून, पिशवीत नव्हे, खांद्यावर, रस्त्याच्या मधून चालत होते. पालक भेटले, मास्तरांनी नमस्कार घेतले. एका विद्यार्थ्याच्या आईनं "वहिनींची का?" विचारलं. "हो, मॅचिंगला चाललोय," मास्तर म्हणाले. रमणीकभाईंना त्यांनी हाताला धरून दुकानाबाहेर उन्हात आणलं, पप्पूलाही बोलावून घेतलं, आणि साडी दोन्ही हातांनी पसरली. "कोणत्याही भाषेत नाव घ्यायचं नाही," त्यांनी बजावलं. "नुसतं बघायचं."

रमणीकभाईंनी चष्मा कपाळावरून खाली ओढला. "अच्छा," ते हळूच म्हणाले, "आ छे चिंतामणीभाई."

रंग मास्तरांनी स्वतः कालवला. बनियनवर, पप्पूच्या शिडीवर चढून, आधी तपकिरीवर पांढरा, मग नळ्यांतला निळा, त्यात थेंबभर जांभळा, पुन्हा निळा. यंत्रानं त्यांना एक शिकवलं होतं, ते त्यांनी सोडलं नाही. अंगणात खडूनं चौकोन आखला आणि सांगितलं, ज्याला मत द्यायचंय त्यानं या चौकोनात उभं राहून द्यावं. गोकुळ उभा राहिला, म्हणाला निया शे, बेस शे. भास्करराव उभे राहिले आणि त्यांचंही तेच मत पडलं, याचं दोघांनाही थोडं वाईट वाटलं. पण शेवटचा निकाल वासंतीबाईंचा होता. त्या चौकोनात साडी धरून उभ्या. "अजून. अजून जरासा. अहो, हात आवरा. बास." मास्तरांचा ब्रश तिथेच थांबला.

वास्तुशांतीला चेतन आला. रमणीकभाई आहेराचं पाकीट घेऊन आले, त्यावर 'चिंतामणीभाई नेवरेकर' असं लिहिलेलं. मास्तरांनी ते कौतुकानं खिशात ठेवलं. जेवणं उरकल्यावर चेतननं ताईला आईची साडी नेसून भिंतीसमोर उभं केलं आणि फोटो काढला.

फोटो धुऊन आला तो सगळ्यांनी आलटूनपालटून बघितला. त्यात भिंत होती, भिंतीवर वासंतीबाईंचा हसरा चेहरा होता, खाली दोन हात होते, हातांत बांगड्या. साडी कुठेच नव्हती.

"मी कुठाय यात?" वासंतीबाई म्हणाल्या.

मास्तरांनी फोटो खिडकीशी नेला, उजेडात धरला, मान सरळ करून बघितला आणि मागच्या बाजूला सावकाश लिहिलं, 'अ' श्रेणी. मग भास्कररावांना द्यायला म्हणून त्याची एक प्रत काढून आणली. सोसायटीच्या कपाटात प्रमाणित नमुना म्हणून अजून तीच लावलेली आहे.